शिंपिणीचे टाके

माझ्या सुयांच्या डबीत कर्दळीचं एक वाळकं पान आहे. तपकिरी, जोरात श्वास सोडला तर चुरा होईल असं. डबी उघडली की आधी ते अलगद बाजूला काढून ठेवायचं आणि मग सुई घ्यायची, हे आता अंगवळणी पडलंय. कोणी विचारलंच, तर मी हातात भिंग देतो आणि पानाची कड बघायला सांगतो. कडेनं टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत. काही भोकांत कापसाचा तंतू अजून अडकलेला आहे आणि बाहेरच्या अंगाला त्याचं टोक फुगून बसलंय, दारातून आत जाऊ न शकणाऱ्या लठ्ठ माणसासारखं. हे पान एका शिंपी पक्ष्याच्या मादीनं शिवलेलं आहे. ते माझ्याकडे कसं आलं, हे सांगायला मला फारसं आवडत नाही. पण सांगतो.

सुरुवात मनगटापासून करावी लागेल. दोन वर्षांपूर्वी माघ संपता संपता मी टेकडीवर पडलो. काटेसावर नुकतीच फुलली होती, अंगावर एक पान नाही आणि लालभडक वाट्यांनी फांद्या भरलेल्या. त्या वाट्यांवर भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, थवा उतरला होता. परतीच्या प्रवासाआधी भोरड्या सावर, पळस, पांगारा यांच्यावर तुटून पडतात. मी मोजत होतो. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मोजणारा माणूस वर बघत असतो आणि पायाखालचा मुरूम काही बघत नसतो. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

बारा वर्षं मी पक्षी बघत होतो म्हणजे खरं तर काय करत होतो, हे मला त्या सहा आठवड्यांत कळलं. मी नावं गोळा करत होतो. वही होती, वहीत रकाने होते. पक्षी दिसला, ओळखला, नोंदला, पुढे. दिवसाला चाळीस जाती झाल्या की घरी येताना पाय हलके पडायचे. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. नवखे लोक दहापटीची घ्यायला जातात, पण दहापटीत पक्ष्याबरोबर हाताची थरथरही दहापट होते, म्हणून जाणते आठवरच थांबतात. मला आता आठचीही सोय उरली नव्हती. एका हातानं दुर्बीण धरून बघा, पक्षी झाडावर नाचतोय की झाड पक्ष्याभोवती, तेच समजत नाही.

फिरणं मात्र बंद केलं नाही. घरी बसून तरी काय करणार होतो? सकाळी सहाला उठून टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायचो, वर चढायची घरून बंदी होती, आणि एका दगडावर बसून राहायचो. पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो, पण पक्षी पंचांग बघत नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यापासूनच आवाज बदलायला लागतात. हिवाळाभर नुसतंच कर्कश चिरचिरणारा दयाळ एके दिवशी पहाटे तारेच्या टोकावर बसतो आणि गायला लागतो, तेही असं की कालपर्यंत हाच होता का, अशी शंका यावी. कोकीळ अजून घसा साफ करत असतो, दोन-तीन सूर चढवतो आणि मधेच सोडून देतो. आणि ऊन जरा तापलं की तांबट.

तांबटाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. टुक्, टुक्, टुक्, टुक्. तांब्याच्या पत्र्यावर लहान हातोडी पडत राहावी तसा आवाज, म्हणून नाव तांबट. दुर्बीण हातात असताना मी तो ऐकायचो तो फक्त शोधण्यासाठी. आणि तो हमखास चकवायचा, कारण ठोके देताना तो मान इकडून तिकडे वळवत राहतो. पक्षी एकाच जागी आणि आवाज कधी डावीकडच्या झाडातून, कधी उजवीकडच्या. आता शोधायची सोयच नव्हती, म्हणून नुसता ऐकत बसलो. पहिले काही ठोके दबके असतात, मग लय लागते, आणि एकदा लागली की मिनिटाला शंभराच्या आसपास. घड्याळ लावून मोजले. मोजायची खोड काही जाईना. एका ओळीत किती ठोके देतो, कुठे थांबतो, थांबल्यावर दुसरा तांबट कुठून सूर धरतो, हे बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. माझ्या वहीत त्याच्यासमोर बारा वर्षं फक्त एक बरोबरची खूण होती.

त्या दगडावर बसूनच आणखी एक गोष्ट डोक्यात आली. पक्ष्यांची नावं ठेवताना मराठीनं अर्धं गाव वसवलंय. तांबट आहे, सुतार आहे, शिंपी आहे. पाण्याकाठी शेपूट आपटत फिरणारा धोबी आहे, हाही मार्च-एप्रिलात उत्तरेकडे निघून जातो. भक्ष्य काट्याला टोचून ठेवणारा खाटीक आहे. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या घारीला हुसकून लावणारा कोतवाल आहे. सुगरण तर आहेच. नाव ठेवणाऱ्यांनी पक्ष्याचा रंग फारसा बघितलेला नाही. तो काय करतो, किंवा काय केल्यासारखा आवाज काढतो, ते बघितलंय. हे लोक स्वतः हातानं काम करणारे असावेत.

फक्त दोन ठिकाणी त्यांची गंमत झालीय. सुगरण हे नाव बाईचं, आणि ते लांब नळीचं, वाऱ्यावर झुलणारं घरटं विणतो तो नर. शिंपी हे नाव पुरुषाचं, आणि पानं शिवण्याचं काम मुख्यतः करते ती मादी. दोघांची नावं कुठल्याशा गडबडीत अदलाबदल झाल्यासारखी. शिंपी पक्ष्याच्या शास्त्रीय नावातही मौज आहे. त्यातला ‘सुटोरियस’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘सुटोर’वरून आलाय, आणि सुटोर म्हणजे चांभार. विचार केला तर लॅटिन नाव कामाच्या जास्त जवळचं वाटतं. शिंपी सुईनं एका दमात भोकही पाडतो आणि दोराही ओढतो. चांभार आधी आरीनं भोक पाडतो, मग दोरा ओवतो. हा पक्षीही तेच करतो. चोचीनं आधी पानाला भोक, मग त्यातून तंतू.

प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, बोटांना बारीक काम द्या, तांदूळ निवडा, मणी ओवा, काहीही. तांदूळ निवडायचा मला मनस्वी कंटाळा. खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी शिवणकाम आणि भरतकाम करून घर चालवलं. त्यांच्याकडे गेलो.

“मावशी, मला टाके घालायला शिकवाल का?”

“बटण तुटलंय का? दे इकडे, मी लावते.”

बटणाचं नाही, भरतकाम शिकायचंय, हे त्यांना पटवायला दोन खेपा लागल्या. त्यात माझ्या पुरुष असण्याचा भाग किती आणि वयाचा किती, ते त्यांनाच ठाऊक. शिवणाच्या धंद्यात पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत, पण घरात हातात रिंग धरून फूल भरणारा पुरुष दिसला की लोकांना हसू का येतं, हे मला आजवर समजलेलं नाही. माझ्या मुलीनंही फोटो काढून घेतला होता.

पहिला महिना फक्त धावदोरा. सुती कापडावर पेन्सिलची रेघ आणि त्या रेघेवरून सुई खाली-वर. टाका जेवढा तेवढीच मोकळी जागा, एवढाच नियम. ऐकायला सोपा आहे. माझे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सुरू व्हायचे आणि चार बोटांवर जाऊन त्यांचे मुंगळे व्हायचे. मग देठटाका, साखळी, उलटी टीप. रेशमाच्या लडीत सहा पदर असतात. त्यातले दोन हवे असतील तर दोन्ही एकदम ओढायचे नाहीत, एकेक सोडवून घ्यायचा आणि मग जोडायचे, नाहीतर उरलेले चार गाठोडं होऊन बसतात. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, त्याहून लांब नाही. मी लांब घ्यायचो, सारखं सारखं ओवायला नको म्हणून. प्रत्येक टाक्याला दोरा कापडातून घासून जातो. लांब दोरा शेवटी शेवटी पिंजतो, त्याची तकाकी जाते. “लांब घेतलास म्हणून काम लवकर होत नाही,” मावशी म्हणाल्या, “गुंता लवकर होतो.”

दोन महिन्यांनी मी पहिलं फूल पुरं केलं. पाच पाकळ्या, मधे गाठीचा टाका, एक देठ, दोन पानं. माझ्या मते उत्तम. मावशींकडे नेलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि बघायच्या आधीच उलटं केलं. पुढची बाजू त्यांनी पाहिलीच नाही.

उलट बाजूला काय होतं ते लिहितो. प्रत्येक पाकळीला सुरुवातीची एक गाठ आणि शेवटची एक गाठ. एका पाकळीवरून दुसरीवर मारलेल्या लांब उड्या, सैल, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. एका ठिकाणी तर पदर अडकलेला मी ओढून तोडला होता, त्याचं झुलपं. मावशींनी त्या गाठींवरून अंगठा फिरवला. “इस्त्री केलीस ना, की या सगळ्या पुढं उमटतील. आणि धुतलंस की सुटतील.” मग कात्री घेतली आणि एकेक टाका उसवायला लागल्या. मला वाटलं, निदान एक पाकळी ठेवतील.

गाठ मारायची नाही. हा नियम मला शिकायला सगळ्यात वेळ लागला. सुरुवातीला दोऱ्याचं दोन बोटं टोक मागे मोकळं सोडायचं आणि पहिले चार-पाच टाके त्याच्यावरूनच घ्यायचे, म्हणजे ते आपोआप दबून बसतं. संपवताना सुई मागच्या बाजूच्या टाक्यांखालून सरकवायची आणि दोरा कापायचा. दोऱ्याला धरून ठेवतो तो दोराच. कर्नाटकातल्या कसुतीत तर हे टोकाला नेलेलं असतं. तिच्या काही टाक्यांत कापड दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, गाठ कुठेच नाही, सुलट कुठली नि उलट कुठली हे सांगता येत नाही. मावशींकडे त्यांच्या आईनं भरलेला एक तुकडा आहे. मी तो पाच मिनिटं उलटसुलट करत बसलो आणि शेवटी कुठली बाजू वर ठेवून परत द्यायची, या विचारात पडलो.

मार्गशीर्षात ओढ्याकाठच्या बाभळीखाली मला सुगरणीचं एक पडलेलं घरटं सापडलं. पावसाळ्यात त्या बाभळीवर वीस-बावीस घरटी असतात. हिवाळ्यात ती वाळून झुलत राहतात आणि एकेक गळतात. पूर्वी मी अशा घरट्याचा फोटो घेऊन पुढे गेलो असतो. आता तिथेच मांडी घातली आणि ते उलटं केलं.

आत बाजूच्या भिंतीला वाळलेल्या चिखलाचे गोळे चिकटवलेले होते. या चिखलात सुगरण काजवे खोचते आणि घरात उजेड करते, ही गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते. गोष्ट सुंदर आहे, काजवे मात्र नसतात. घरटं अर्धवट होतं, उलट्या टोपीसारखं, खालची नळी नाही. याचा अर्थ मला ठाऊक होता. डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास किहीमला सुगरणींच्या वसाहतीसमोर तासन्‌तास बसून जे टिपलं, त्यातलीच ही गोष्ट. नर घरटं अर्धं विणतो आणि थांबतो. मग मादी येते, आत शिरते, ओढून बघते. पसंत पडलं तर ती राहते आणि तो नळी पुरी करतो. नंतर तो दुसरं घरटं घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पसंत नाही पडलं तर ते तसंच लटकत राहतं. माझ्या मांडीवर होतं ते नापास झालेलं काम. मला त्या नराबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

एक पट्टी हळूच सोडवायला गेलो. गवताच्या पात्याच्या बुडाशी नर चोचीनं खाच पाडतो, टोक धरतो आणि उडतो, तशी पात्याची लांबच लांब चीर निघते. अशा चिरा आणायला एका घरट्यासाठी सुमारे ५०० फेऱ्या होतात म्हणतात. मी सोडवलेली पट्टी चार ठिकाणी आत-बाहेर गेली होती, एका ठिकाणी स्वतःभोवतीच फिरून दबली होती. पंधरा मिनिटं लागली आणि तरी ती टोकाला तुटली. खिशात मोजपट्टी होती, हल्ली असते. पट्टी भरली बेचाळीस सेंटिमीटर. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर आहे पंचेचाळीस.

विणकर पक्ष्यांना हे सगळं जन्मतःच येतं, असं आपण म्हणून मोकळे होतो. ते पूर्ण खरं नाही. निकोलस आणि एल्सी कोलियस या अमेरिकन दांपत्यानं आफ्रिकेतल्या विणकर पक्ष्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. १९६० च्या दशकात त्यांनी दाखवलं, की कोवळे नर आधी पानं नि पट्ट्या घेऊन नुसता सराव करतात. ज्या पिल्लांना असा सराव करूच दिला नाही, ती मोठी झाल्यावर पट्टी हातात, म्हणजे चोचीत, आली तरी विणताना गोंधळतात. पट्टी सोडतात, पडू देतात, पुन्हा आणतात. माझे मुंगळे आठवले. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, “मग त्यांची उसवतं कोण?”

आता त्या पानाकडे यायला हवं.

गेल्या फाल्गुनात, जिन्याच्या बाजूला कर्दळीची जी रांग आहे तिथून मला टुविट-टुविट-टुविट ऐकू आलं. एवढाल्या जिवाला न शोभणारा आवाज. शिंपी पक्षी आठ-दहा ग्रॅमचा, डोक्यावर विटकरी टोपी, पाठ हिरवी, शेपूट ताठ उभी. ओरडताना मान ताणली की गळ्याची काळपट कातडी दिसते. नराला या दिवसांत शेपटीची मधली दोन पिसं लांब येतात. हिची नव्हती. चोचीत कोळ्याचं जाळं होतं.

बारा वर्षांत शिंप्याचं घरटं मी बांधून झालेलंच पाहिलं होतं. शिवताना पाहायला मिळणार होतं, आणि मी आता स्वतः टाके घालणारा! पहिले दोन दिवस मी शहाण्यासारखा जिन्यातून बघितलं. ती पानाची कड धरायची, डोकं झटक्यानं पुढे न्यायची, मग उडून तंतू आणायची. एकच मोठं पान गुंडाळून त्याचा द्रोण करायचं चाललं होतं. पण तंतू भोकातून जातो कसा, टोक मागे पकडतो कोण, हे जिन्यातून दिसेना. तिसऱ्या दिवशी मी खाली उतरलो. चौथ्या दिवशी शेजारचं पान आड येत होतं म्हणून ते दुमडून देठात अडकवलं. त्यानंतर दिवसातून तीन-चार खेपा झाल्या. मधेच तिच्या सोयीसाठी रेशमाचे तुकडे फांदीवर टाकावेत असंही मनात आलं होतं. ते मात्र केलं नाही, कारण लांब धागे पिल्लांच्या पायांत अडकून पाय निकामी होतात, हे मीच लोकांना सांगत आलोय. मीच लोकांना हेही सांगत आलोय, की घरट्याजवळ जाऊ नका, आजूबाजूची फांदी हलवू नका, तुमच्या मागोमाग कावळ्याचंही लक्ष जातं. आठवड्याभरानं मी फोन वर धरून द्रोणात डोकावलो. तळाशी कापूस आणि त्यावर ठिपक्यांची दोन अंडी. फोटो फार छान आला.

दोन दिवसांनी द्रोण रिकामा होता. टरफलसुद्धा नाही. कावळ्यानं नेली, की खारीनं, की मांजरानं, मी पाहिलं नाही. मी दुमडलेलं पान मात्र तसंच दुमडलेलं होतं आणि त्या फटीतून घरटं रस्त्यावरूनही दिसत होतं. ती परत आली नाही.

फोटो मी कोणाला दाखवला नाही. मावशींना सांगितलं, कारण आठवडाभर मी सुईला हात लावला नव्हता आणि त्यांनी विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे महिन्याभरात ते पान वाळलं, द्रोण उकलला, आणि एका दुपारी ते गळून जिन्याच्या पायरीवर पडलं. मी ते वहीत ठेवून मावशींकडे नेलं. त्यांनी चष्मा लावला, पान खिडकीच्या उजेडात धरलं आणि अर्थातच आधी उलटं केलं.

बराच वेळ बघत होत्या. मग भिंग मागितलं.

“गाठ नाही रे हिला.”

गाठ नव्हतीच. तंतू भोकातून बाहेर आला होता आणि टोकाला तो पिंजून फुगला होता, एवढंच. भोक इतकं बारीक की फुगलेलं टोक मागे सरकूच शकत नाही. काही ठिकाणी टाका होता, काही ठिकाणी नुसता एकेक तंतू दोन कडांना रिवेटसारखा धरून बसला होता. आणि भोकं पाडूनही हिरवं असताना पान कडेनं करपलं नव्हतं. करपलं असतं तर तपकिरी कडेनं घरट्याची जागा उघड झाली असती. एकोणिसाव्या शतकात थॉमस जर्डन या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं होतं, की हा पक्षी दोऱ्याला गाठ मारतो. पुढच्या अभ्यासकांनी घरटी नीट तपासली, तेव्हा गाठ निघाली नाही. जर्डनसाहेबांना कोणी मावशी भेटल्या असत्या तर बरं झालं असतं.

“किती टाके आहेत?” त्यांनी विचारलं. मी मोजले होते. एका कडेला सतरा भोकं, दुसऱ्या कडेला सोळा.

“एक चुकलं तिचं,” त्या म्हणाल्या, आणि पान माझ्या हातात देताना दोन्ही हातांनी दिलं.

वही अजून आहे. यंदाच्या माघात टेकडीवर गेलो तेव्हा घेऊनही गेलो होतो. काटेसावर फुलली होती, भोरड्या होत्या, मी त्या मोजल्या नाहीत असं म्हणणार नाही, एकसष्ट होत्या. पण नंतर अख्खा तास एका शिंजिराच्या मादीत गेला. बोरीच्या फांदीला ती छोट्या पिशवीसारखं घरटं लटकवत होती आणि त्यावर सालीचे कपचे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा असलं काहीबाही कोळ्याच्या जाळ्यानं डकवत होती. घरटं न वाटता वाऱ्यानं अडकलेला केरकचरा वाटावा, म्हणून. दाराच्या वर एक छोटा छज्जाही काढला होता. अंतर पंचवीस पावलं, दुर्बीण तीच आठाची, मनगट कधी कधी दुखतं म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलेलं. त्या सकाळी जाती झाल्या अकरा.

घरी आल्यावर जिन्यात पुन्हा तो आवाज ऐकला. टुविट, टुविट, टुविट. या वेळी कर्दळीत नाही, कुंपणाजवळच्या झुडपात कुठेतरी. मावशी दारातच उभ्या होत्या. “ऐकलंस का? आली बघ. जाऊन तर ये.”

“असू दे, मावशी.”

“बरं. मग तुझं आण, बघू कुठवर आलंय ते.”

माझं म्हणजे एक वीतभर कापड. त्यावर मी शिंपी पक्षी भरतोय. विटकरी टोपी जमलीय, पाठीचा हिरवा दोन छटांत घेतलाय, पाय नुसत्या टिपेचे. शेपूट काही केल्या ताठ उभी राहत नाही, देठटाका वळणावर सैल पडतो आणि पक्षी दमल्यासारखा दिसतो. मावशींनी कापड घेतलं, उलटं केलं, शेपटीपाशी अंगठा थांबवला आणि कात्रीकडे बघितलं. शेपूट चौथ्यांदा उसवली. खिडकीतून आवाज येतच होता. नवा दोरा कोपराएवढा मोजून घेतला, टोक ओलं केलं, आणि आता तो नेढ्यात काही केल्या जात नाहीये.